नदी गाळ आणते कुठून, टाकते कुठे?



पावसाळ्याच्या आधी गावागावांत ग्रामसभा होतात. त्यात एक विषय हल्ली हमखास निघतो, तो म्हणजे नदीतला, ओढ्यातला, बंधाऱ्यातला गाळ. तो काढायचा का? कुठून काढायचा? काढलेला टाकायचा कुठे? जेसीबी येतो, चार दिवस काम चालतं, फोटो निघतात आणि पुढच्या पावसात तोच खड्डा पुन्हा भरलेला दिसतो. मग कुणी म्हणतं पैसे पाण्यात गेले, कुणी म्हणतं नदीच तशी आहे. या चर्चेत बायकांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. खरं तर धुणं, पाणी, गुरं यांच्या निमित्तानं नदीकाठी सर्वांत जास्त वावर आपलाच. पुराचं पाणी कुठल्या दगडापर्यंत चढतं, कुठला डोह बुजला, कुठला काठ यंदा हातभर तुटला, हे आपल्याला न विचारता ठाऊक असतं. फक्त असं का होतं, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

म्हणून आज आम्ही गाळ पाण्याबरोबर चालतो कसा, यावर बोलणार आहोत. ते एकदा कळलं की ग्रामसभेत काय विचारायचं, पुराच्या वेळी कुठे थांबायचं नाही आणि घरातलं पाणी कसं सांभाळायचं, हे पुढचं सोपं होतं.

उफणणी आणि नदी

खळ्यावरची उफणणी आठवा. सुपातून धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो, बारीक काडी थोडी पुढे जाते आणि भुसा लांब उडून जातो. वारा एकच, पण ज्याचं त्याचं वजन वेगळं, म्हणून पडण्याची जागा वेगळी. वारा पडला की भुसाही पायाशीच पडतो आणि वावटळ आली की दाणासुद्धा उडतो.

नदी वर्षानुवर्षं हेच काम करते. वाऱ्याच्या जागी पाणी आणि दाण्याभुशाच्या जागी धोंडे, गोटे, वाळू, पोयटा आणि चिकणमाती. पाण्याला वेग असेल तोवर ते ओझं उचलतं. वेग कमी झाला की आधी जड ओझं खाली ठेवतं, मग हलकं. आज आपण जे जे बोलणार आहोत, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

वेगाची ताकद मात्र आपल्या अंदाजापेक्षा फार मोठी असते. पाण्याच्या अभ्यासकांचा एक जुना हिशोब आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते दुप्पट वजनाचा दगड हलवेल असं आपल्याला वाटतं. पण हिशोबानं ते ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं. म्हणून तर उन्हाळ्यात ज्या ओढ्यात पोरं खेळतात, तोच ओढा श्रावणातल्या एका रात्रीत बैलाएवढा धोंडा जागचा हलवतो. वर्षभराचं काम नदी पुराच्या मोजक्या दिवसांतच उरकून घेते.

गाळाच्या तीन चाली

पुराच्या पाण्यात सगळा गाळ सारखा चालत नाही. त्याच्या तीन चाली आहेत.

पहिली चाल लोळण्याची. मोठे गोटे आणि धोंडे तळाशीच राहतात आणि एकमेकांवर आपटत, गडगडत पुढे सरकतात. पुराच्या रात्री नदीकाठच्या घरात गडगड असा आवाज ऐकू येतो ना, तो पाण्याचा नसतो, तळातले धोंडे वाजत असतात.

दुसरी चाल उड्यांची. वाळू पाण्याच्या रेट्यानं तळावरून उचलली जाते, थोडी पुढे जाऊन पुन्हा तळावर पडते, पुन्हा उचलली जाते. पोरी लंगडी घालत जातात तशी. ओसरलेल्या नदीच्या वाळूवर लाटांसारख्या बारीक वळ्या दिसतात, त्या याच उड्यांच्या खुणा.

तिसरी चाल अधांतरी. पोयटा आणि चिकणमाती इतकी बारीक असते की ती तळाला लागतच नाही. वाहत्या पाण्यात सतत लहानमोठे भोवरे असतात, पाणी खालीवर घुसळत असतं. हे घुसळणं मातीला वर धरून ठेवतं. पिठलं ढवळत राहिलं की पीठ तळाशी बसत नाही, तसंच. पाण्याला जो रंग येतो, तो याच मातीचा. कोकणात जांभ्याची माती म्हणून पूर तांबडा, देशावर काळ्या रानाची माती म्हणून पूर काळपट. दोन ओढ्यांच्या संगमावर उभं राहिलं, तर कुठल्या अंगाला जास्त पाऊस झाला, हे जुनी माणसं रंगावरून सांगतात. त्यात काही जादू नाही, ते साधं निरीक्षण आहे.

आणखी एक गोष्ट. पुराच्या पाण्यात वरच्या थरापेक्षा तळाजवळ गाळ जास्त असतो, आणि वाळू तर बहुतेक तळाशीच असते. म्हणजे वरून पाणी जेवढं गढूळ दिसतं, त्याहून खाली बरंच काही चाललेलं असतं.

पहिल्या पावसाचं पाणी सर्वांत गढूळ का असतं, हेही इथंच समजतं. उन्हाळ्यात नांगरलेली, सुटी झालेली, उघडी जमीन तयार असते. पहिला जोराचा पाऊस ती सैल माती धुऊन नेतो. पुढे पिकं उभी राहतात, गवत वाढतं, मुळं माती धरतात आणि तेवढ्याच पावसाला पाणी कमी गढूळ येतं.

एका बरणीत नदी

हा प्रयोग गटाच्या बैठकीत करून बघा. काचेची एक उंच बरणी घ्या. त्यात चार बोटं नदीकाठची माती घाला, वर पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि बरणी मांडून ठेवा. हलवत होता तोवर सगळं एकजीव होतं. थांबलात की बारीक खडे आणि जाड वाळू लगेच तळ गाठतात. त्यावर बारीक वाळूचा थर बसतो, मग पोयट्याचा. वरचं पाणी मात्र संध्याकाळपर्यंतही गढूळच राहतं.

आकडे सांगायचे तर, शांत पाण्यात जाड वाळूचा कण एक मीटर खाली जायला काही सेकंद घेतो. बारीक वाळूला साधारण दोन मिनिटं लागतात. पोयट्याच्या बारीक कणाला तीन तास. आणि अगदी बारीक चिकणमातीच्या कणाला जवळजवळ दोन आठवडे! म्हणून धरणात, तळ्यात पाणी जिथे शिरतं तिथेच वाळू आणि जाड गाळ पडतो, आणि बारीक गाळ आत भिंतीपर्यंत जातो. बंधाऱ्यातून शेतासाठी गाळ काढताना हे लक्षात ठेवा. फुगवट्याच्या टोकाला वाळूच मिळेल, पोयटा हवा असेल तर भिंतीच्या बाजूला बघा.

दुसऱ्या बरणीत तसंच गढूळ पाणी घ्या आणि त्यात तुरटीचा खडा चारदोन वेळा फिरवा. माती ताकातल्या लोण्यासारखी गोळा होते आणि भराभर खाली बसते. एकेकटा कण तरंगत राहिला असता, पण गुठळी जड, म्हणून ती बुडते. ही तुरटीची गोष्ट लक्षात ठेवा, वाशिष्ठीकडे गेल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

ओझं खाली कुठे पडतं?

जिथे पाण्याचा वेग कमी होतो, तिथे. अशा जागा ओळखायला शिकलं की अर्धी नदी समजली.

घाट उतरून नदी सपाटीला आली की उतार संपतो, तिथे गोटे आणि वाळू पडते. अरुंद पात्र एकदम रुंद झालं की पाणी पसरतं, मंद होतं, गाळ टाकतं. म्हणूनच फक्त पात्र रुंद करून प्रश्न सुटत नाही. जास्त रुंद केलेल्या पात्रात एरवीचं पाणी पातळ पसरतं आणि गाळ मध्येच सोडतं.

वळणावर बाहेरच्या काठाला पाण्याचा मारा बसतो, तो काठ तुटतो, तिथे डोह होतो. आतल्या काठाला पाणी मंद असतं, तिथे वाळू साचते. वाळूचा काठ पोरांना खेळायला छान आणि समोरचा काठ पोहायला धोक्याचा, हे एकाच वळणाचे दोन काठ. बाहेरच्या काठाला ज्यांचं वावर, त्यांचं रान दर वर्षी थोडं नदीत जातं. त्यात कुणाचा शाप नाही, ते पाण्याचं वळण आहे.

पात्रात एखादं झाड आडवं झालं, पुलाच्या कमानीत काटक्या अडकल्या, कचऱ्याचा ढीग पडला, की त्याच्या पाठीमागे पाणी थबकतं आणि गाळाचा उंचवटा तयार होतो. त्यावर गवत उगवतं, मग झुडपं. गवत पाण्याला आणखी अडवतं, मुळं गाळ धरून ठेवतात, आणि दोनचार वर्षांत तिथे बेट झालेलं असतं. चिकणमातीचा एक गुणही इथे कामी येतो. ती एकदा बसून घट्ट झाली की सुट्या वाळूपेक्षा उचलायला अवघड असते. वाळू पुढचा पूर हलवेल, पण घट्ट बसलेला चिखल सहज हलत नाही.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा बसवतात, त्याचं कारणही हेच. पुराचं गाळानं भरलेलं पाणी मोकळं जाऊ द्यायचं आणि शेवटचं बऱ्यापैकी निवळ पाणी अडवायचं. बरगे वेळेवर निघाले नाहीत, तर बंधारा पाण्याऐवजी गाळ साठवतो आणि काठही फुटू शकतो. बरगे वेळेत निघाले का, हे विचारणं गटाचं काम असू शकतं.

वाशिष्ठीची गोष्ट

आता एका खऱ्या नदीकडे जाऊ. रत्नागिरी जिल्ह्यातली वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणला येते आणि पुढे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा पल्ला देशावरच्या नद्यांच्या मानानं फार थोडा. त्यातही डोंगराचा तीव्र उतार पहिल्याच टप्प्यात संपतो. म्हणजे डोंगरात धोंडे उचलणारं पाणी चिपळूणच्या सपाटीला येतं आणि एकदम थकतं. ओझं ठेवायला ही पहिली जागा.

दुसरं कारण भरतीचं. समुद्राची भरती खाडीतून चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत येते. भरती आली की खाली जाणारं नदीचं पाणी तुंबतं, त्याचा वेग पडतो आणि गाळ बसतो. ओहोटीला थोडा गाळ पुढे जातो, पण सगळा नाही.

तिसरं कारण तुरटीचं! खाडीत गोडं पाणी खाऱ्या पाण्याला भेटतं. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. बरणीत तुरटीनं जे केलं, ते खाडीत मीठ करतं. जी माती दोन आठवडे तरंगत राहिली असती, ती भराभर खाली बसते. खाडीकाठचा गुडघाभर चिखल असाच तयार होतो. एके काळी गलबतं गोवळकोटच्या बंदरापर्यंत येत असत. आज त्या वाटेवर गाळ आहे.

आणखी एक वेगळेपण आहे. कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून वीजघरांत येतं आणि वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीच्या बाजूनं वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरतं. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडच्या नदीचं पाणीही या पात्रातून समुद्राकडे जातं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात महापूर आला. आदल्या रात्रीपासून डोंगरात प्रचंड पाऊस, पौर्णिमा दोन दिवसांवर म्हणून भरती मोठी, आणि पात्रात बेटं. बाजारपेठ बुडाली, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. पाणी ओसरलं, पण चिखल मागे राहिला. घरात पाणी शिरणं आणि घरात गाळ शिरणं यातला फरक ज्यांनी तो उपसलाय त्यांनाच कळतो. पाणी निघून जातं. गाळ पिंपात, धान्याच्या कोठीत, शिवणयंत्रात, फ्रिजच्या मागे आणि पोरांच्या वह्यापुस्तकांत बसतो. तो ओला आहे तोवर फावड्यानं निघतो, वाळला की खरवडावा लागतो. म्हणून पूर ओसरता ओसरता, घरात थोडं पाणी असतानाच ढवळून गाळ बाहेर ढकलायचा. अनुभवी बायका असंच करतात, आणि आता त्यामागचं कारणही आपल्याला ठाऊक आहे. ढवळलं की गाळ पाण्याबरोबर चालतो, थांबलं की बसतो. मात्र हे करताना घरातली वीज मुख्य बटणापासून बंद हवी.

त्या पुरानंतर डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकरांनी नदीतला गाळ काढावा म्हणून उपोषण केलं आणि २०२२ मध्ये गाळ काढण्याचं काम सुरू झालं. लोकांनी नदीच्या पोटात काय साचलंय हे ओळखून मागणी केली, ही मोठी गोष्ट. पण एक लक्षात घ्या. पात्र मोकळं केलं की पाण्याला वाट मिळते, पूर थोडा लवकर उतरतो. डोंगरातून माती येणं मात्र थांबत नाही. वरची माती सुटत राहिली तर खालचा गाळ पुन्हा येणारच.

पाणी पातळ राहत नाही तेव्हा

आतापर्यंत आपण माती वाहून नेणाऱ्या पाण्याबद्दल बोललो. पण डोंगरउतारावर कधीकधी उलटं होतं. माती आणि दगड इतके जास्त होतात की पाणी नावापुरतं उरतं. मग ते पाण्यासारखं वागतच नाही.

स्वयंपाकघरातच बघा. शेंगदाणा पाण्यात टाकला की बुडतो. तोच शेंगदाणा घट्ट पिठल्यावर ठेवला तर वरच राहतो. दाट चिखलाचंही तसंच. त्याचं वजन तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ दुप्पट भरतं, आणि त्यात मोठमोठे धोंडे बुडत नाहीत, ते वरून तरंगल्यासारखे येतात. झाडं, घरांच्या भिंती, गाड्या, सगळं तो सोबत घेतो. उतारावर त्याचा वेग धावणाऱ्या माणसापेक्षा जास्त असू शकतो. आणि सपाटीला आला की तो तिथेच थांबतो, सिमेंटसारखा घट्ट बसतो.

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर सकाळी डोंगर आला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला, चिपळुणात पूर होता त्याच दिवशी, महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ही नावं आम्ही भीती घालायला घेत नाही. डोंगर बऱ्याचदा आधी काही खुणा देतो, आणि त्या खुणा सर्वांत आधी दिसतात पाण्यावर जाणाऱ्या बाईला, म्हणून घेतो.

खुणा अशा. पाऊस चालू असूनही ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं, तर वर कुठेतरी माती पडून पाणी अडलं असण्याची शक्यता असते, आणि अडलेलं पाणी कधीही फुटून येऊ शकतं. निवळ वाहणारा झरा अचानक गढूळ झाला. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे जमिनीतून पाझर फुटला. घरामागच्या उतारावर किंवा शेतात नवी भेग पडली, जुनी भेग रुंदावली. झाडं, खांब, कुंपण कलंडलं. दारं खिडक्या अचानक घट्ट बसू लागल्या. डोंगरातून दगड आपटल्याचा, झाडं मोडल्याचा आवाज आला.

यातलं काही दिसलं तर दुसऱ्या खुणेची वाट बघू नका. शेजारणींना हाक द्या आणि घरं सोडा. सरपंच, पोलीस पाटील आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा, पण फोन लागेपर्यंत थांबू नका. पळताना ओढ्याच्या वाटेनं खाली पळायचं नाही, कारण चिखल त्याच वाटेनं येतो. ओढ्यापासून बाजूला, आडवं जाऊन उंच जागी जायचं. आणि जोराच्या पावसाच्या रात्री ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या घरांत झोपायचं नाही, हे गावानं आधीच ठरवून ठेवायचं. रात्रीची जागा कुठली, म्हाताऱ्या माणसांना कोण आणणार, हे पाऊस नसताना ठरतं.

फरशीवरून पाणी वाहत असेल तेव्हाही हीच सावधगिरी. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे दिसत नाही. पुरात पात्राचा तळ खरवडला जातो आणि पूर उतरताना पुन्हा भरतो, त्यामुळे गेल्या वर्षीची उताराची जागा यंदा तशीच असेल असं नाही. पाणी घोट्याच्या वर आणि जोरात असेल तर मोठं माणूसही पडू शकतं. पोरांना शाळेतून आणायची घाई असेल, तरी थांबा.

प्यायचं पाणी आणि पुराचं रान

गढूळ पाण्यातला धोका केवळ मातीचा नसतो. रोगजंतू मातीच्या कणांना चिकटून येतात. शिवाय पाणी गढूळ असेल तर जंतू मारणारं औषध त्या गढूळपणातच खर्ची पडतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पाणी निवळू द्या, हवी तर तुरटी फिरवा. मग वरचं पाणी न हलवता दुसऱ्या भांड्यात काढा आणि दुहेरी कापडानं गाळा. त्यानंतर आशाताई देतात ते मेडिक्लोर त्यांनी सांगितल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा, किंवा पाणी उकळी येईपर्यंत तापवा. गढूळ पाण्यातच औषध टाकून निश्चिंत राहू नका.

पुरानं शेतात गाळ आणला तर तो आधी बघा. हातात घेऊन चोळा. मऊ, पिठासारखा पोयटा असेल तर रानाला फायदा. खरखरीत वाळू असेल तर ती काढावी लागेल. सरकारी मदतीच्या निकषांत शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढण्यासाठी मदतीची तरतूद आहे. म्हणून पंचनाम्याआधी गाळाला हात लावू नका. पट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी करून खोली दिसेल असा फोटो काढा. सातबारावर नाव नसलं तरी रान तुम्ही कसत असाल, तर पंचनाम्याच्या वेळी शेतात हजर राहा आणि काय गेलं ते सांगा.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

गाळ काढायचा प्रस्ताव आला की गटानं हे प्रश्न विचारावेत.

एक, काढणार ते नक्की काय, गाळ की वाळू? वाळू काढायला महसूल खात्याची परवानगी लागते. गाळाच्या नावावर वाळू गेली तर काठ ढासळतात, पुलाचे पाये उघडे पडतात आणि आसपासच्या विहिरींचं पाणी खाली जातं. वाळूच तर नदीतलं पाणी धरून ठेवते. आणि ओझं काढून घेतलेलं पाणी उपाशी गुरासारखं असतं, ते पुढे जाऊन काठ खायला लागतं.

दोन, कुठून काढणार? बेट वाढून पाण्याची वाट अडली आहे तिथून की जेसीबीला उतरायला सोपं आहे तिथून? खोल डोह आणखी खोल करून उपयोग नसतो, आणि बाहेरच्या वळणाचा काठ खणला तर कुणाचं तरी रान जातं.

तीन, काढलेला गाळ कुठे टाकणार? काठावर ढीग घातला तर पहिल्याच पावसात तो परत पात्रात येतो. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तळ्यातला चांगला गाळ मुरमाड रानात टाकला तर रानाची ओल धरायची ताकद वाढते. मात्र टाकण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात नमुना तपासून घ्या, आणि खाडीचा खारा गाळ शेतात घेऊ नका.

चार, वर डोंगरात काय करणार? हा सर्वांत मोठा प्रश्न. पाण्याला उतारावर धावू न देता चालायला लावणं, हेच काम. उतारावर आडवे समतल चर, ओघळीत अनघड दगडांचे छोटे बांध, बांधावर गवत, काठावर बांबू आणि वाळा. नांगरट उताराला आडवी. ही कामं रोजगार हमीतून होतात, आणि त्यावर राबणारे हात बऱ्याचदा आपलेच असतात. ओघळीतला दगडी बांध पहिल्याच वर्षी मागे हातभर माती अडवतो. ती माती खालच्या नदीत गेलेली नाही, एवढा हिशोब पुरे.

या आठवड्यात एवढं करा

गटातल्या दोघींनी नदीच्या किंवा ओढ्याच्या एका ठरलेल्या जागी जा. पुलाच्या खांबावर किंवा मोठ्या दगडावर रंगानं वीतभर अंतरानं रेघा ओढून घ्या. पावसाळ्यात रोज एकाच वेळी पाणी कुठल्या रेघेला आहे, ते काठावरूनच बघून वहीत लिहा. त्याच दिवशी एका पारदर्शक बाटलीत पाणी भरून घरी एक रात्र उभी ठेवा आणि तळाशी किती गाळ बसला ते पट्टीनं मोजा. पूर असेल त्या दिवशी पाण्याजवळ जायचं नाही, त्या दिवशी वहीत फक्त 'पूर' एवढं लिहिलं तरी चालेल.

एका पावसाळ्याची अशी वही झाली की तुमच्याकडे गावाच्या नदीचा हिशोब असेल. ग्रामसभेत 'आम्हाला वाटतं' म्हणण्याऐवजी 'आम्ही मोजलंय' म्हणता येईल. पावसाळा संपला की तुमच्या वह्या आमच्याकडे पाठवा, कार्यक्रमात वाचून दाखवू.

आज इथेच थांबतो. सांभाळून राहा, नमस्कार.